परवाना एकदाच बसतो

रत्नागिरी,
२० जुलै १९८८

शिवा,

चिरंजीव लिहावं तर तू माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा, तीर्थरूप लिहावं असं तू आयुष्यात काही केलेलं नाहीस, आणि श्रीयुत लिहिलं तर पाकीट फोडण्याआधीच तुझ्या पोटात गोळा येईल. म्हणून नुसतं शिवा. पत्रात घरच्या मोठ्यांना नमस्कार लिहायची रीत आहे, पण तुझ्या घरातले मोठे इकडे माझ्या समोर राहतात, त्यांना मी रोज तोंडीच करतो. वहिनींना मात्र सांग. तुझ्या मुलीचा कान दुखत होता तो थांबला का? आणि तुझं पित्त? माझगावच्या गोदीत दिवसभर बोटींची पोटं सांधणाऱ्या माणसाने रिकाम्या पोटी चहावर चहा ढोसू नये, असं तुझ्या आईचं, म्हणजे आमच्या काकूंचं, म्हणणं आहे. (तुझी पत्रं काकू मला वाचायला लावतात. त्यांना वाचता येत नाही असं नाही, आधीच दोनदा वाचून झालेली असतात. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की तू जरा जवळ आल्यासारखा वाटतोस म्हणतात. राग मानू नकोस.) इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहिलं होतं. वर ते खोडलेलं दिसतंय ते तेच.

खोडलं कारण सर्व क्षेम नाही. गणपतीला दोन ओळींचं कार्ड धाडणारा मी आज एवढी पानं लिहायला बसलोय म्हणजे काहीतरी असणार हे तू ओळखलंच असशील, तेव्हा पुढे फाटे फोडण्याआधी एकदा सरळ सांगून टाकतो. सरांना जानेवारीत अर्धांगाचा झटका आला. (तुझे वडील. पण मी गेली बारा वर्षं त्यांच्याच गणित विभागात सहायक आहे, मला सरच म्हणवतं.) उजवी बाजू गेली. बोलणं येतं ते अर्धं, आणि ते अर्धंही लागेल तेव्हा येत नाही. मे महिन्यात दुसरा झटका आला. डॉक्टर म्हणतात, गणपती बघतील, दिवाळीचं मला विचारू नका. तुला कळवलं नाही कारण सरांनी काकूंना शपथ घातली, आणि शपथ घालण्यापुरतं त्यांचं बोलणं त्या दिवशी नेमकं स्पष्ट निघालं. मला कुणी शपथ घातलेली नाही. माझ्याकडून एवढ्या मोठेपणाची अपेक्षाच कुणी करत नाही.

आता हे सांगून झालं. हे पत्र मात्र त्याबद्दल नाही. हे पत्र कॉम्प्युटरबद्दल आहे.

तू हसशील. आपण ज्या कॉलेजच्या मागे करवंदं खायला जायचो, जिथे घंटा अजून रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर वाजते, तिथे गेल्या वर्षी कॉम्प्युटर आले. एक मुख्य यंत्र आणि दोन उपयंत्रं, तिन्ही एका काळ्या जाड वायरीने जोडलेली. याला विद्यापीठाच्या कागदात 'नेटवर्क' म्हणतात आणि आमचा शिपाई भिकाजी 'लगाम' म्हणतो. त्यांच्यासाठी भूगोलाची खोली रिकामी केली, खिडक्यांना काचा बसवल्या, आणि आपली तांबडी धूळ आत जाऊ नये म्हणून दाराबाहेर चपला काढायचा नियम झाला. परिणाम असा की देवळात चपला घालून फिरणारे आमचे काही नास्तिक प्राध्यापकसुद्धा या खोलीत अनवाणी आणि हात जोडल्यासारखे जातात. खोलीत थंड हवेचं यंत्र आहे. भिकाजी दुपारचा डबा तिथेच ठेवायचा, आमटी आंबत नाही म्हणून. मी ते बंद केलं. आता वाटतं, करायला नको होतं, त्या खोलीचा तेवढा एकच निर्विवाद उपयोग होता.

यंत्रं आली ती सरांमुळे. त्यांच्या वह्या तुला आठवतच असतील. तुझे आजोबा हर्णेहून निघाले ते परत आले नाहीत, तेव्हापासून म्हणजे सत्तावन्न सालापासून सर रोज संध्याकाळी मिरकरवाड्याच्या जेटीवर जाऊन उभे राहायचे. आज किती होड्या गेल्या, किती परत आल्या, वारा कुठचा होता. तीन रकाने. एक दिवस चुकवला नाही. आपण लहान असताना त्यांच्या मागून जायचो आणि लिलावातले पडलेले बोंबील वेचायचो. एकतीस वर्षांच्या बासष्ट वह्या. सरांना त्यातून फक्त एक वाक्य काढायचं होतं: कुठल्या वाऱ्याच्या मागून किती दिवस होडी बाहेर काढू नये. नारळी पौर्णिमेला नारळ टाकला की सगळे होड्या लोटतात, समुद्र मानला की नाही ते बघत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तुझ्या आजोबांनी नारळ टाकला होता. पण अकरा हजारांवर दिवसांचं हे गणित हाताने होईना, आणि ते करणारं एक सॉफ्टवेअर, म्हणजे संख्याशास्त्राचं एक पॅकेज, विद्यापीठाने परवाना घेऊन आपल्या कॉलेजांना वाटायचं ठरवलंय असं सरांना कळलं. त्यांनी अर्ज केला. परवानाधारक म्हणून आपली सही करून नमुना म्हणून दुसरी सही खाली केली. ते मागच्या सप्टेंबरात. तेव्हा त्यांचा उजवा हात चालत होता.

पॅकेज येईपर्यंत मी वह्या यंत्रात भरत होतो. सर शेजारी बसून वाचायचे, मी बटणं दाबायचो. जानेवारीनंतर मी एकट्याने भरलं, त्यांच्या खाटेशेजारी वही वाचून, उतरवून, दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन. या वह्यांत एक गोष्ट मला कळली नाही. त्र्याहत्तरच्या मेपासून तीन रकान्यांच्या पुढे चौथा रकाना सुरू होतो. त्याला मथळा नाही. त्यात रोज एकच आकडा: एक. आधी मला वाटलं, ही परत न आलेली होडी. पण मग 'गेल्या' आणि 'आल्या' यांचा मेळ बसतो आणि तरी पुढे एक. पावसाळ्यात तर सगळ्या होड्या झावळ्यांनी शाकारून किनाऱ्यावर असतात. गेल्या शून्य, आल्या शून्य, आणि तरी पुढे एक. मी ते पाच हजारांवर वेळा टाइप केलं. सरांना विचारलं, हे काय आहे? कारण विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पॅकेजचा नियम होता की नाव नसलेला रकाना ते घेत नाही. सर म्हणाले, ते राहू दे, नंतर सांगतो. त्यानंतर त्यांना दुसरा झटका आला आणि मी पुन्हा विचारलं नाही. (आता वही काकू लिहितात. मासळी आणायला जातात तेव्हा होड्या मोजतात. चौथ्या रकान्यात त्याही एक लिहितात, न विचारता.)

मे महिन्याच्या शेवटी रजिस्टर्ड पार्सल आलं. सहा फ्लॉप्या, एक इंग्रजी पुस्तक आणि परवान्याचं प्रमाणपत्र. सोनेरी किनार, विद्यापीठाचा शिक्का, आणि मधोमध 'प्रा. काशीराम नागवेकर यांस'. इथून पुढे जे झालं ते फक्त आपल्या गावातच होऊ शकतं. आपले प्राचार्य तुला माहीत नाहीत, पण जात माहीत आहे: राज्य नाट्यस्पर्धेत तीनदा दिग्दर्शनाचं दुसरं बक्षीस मिळालेला माणूस. पहिलं न मिळाल्याचं दुःख ते कॉलेजच्या कारभारात भरून काढतात. प्रमाणपत्र बघताच त्यांचे डोळे पाणावले आणि त्यांनी ते सागवानी चौकटीत, काचेखाली, मागे पुठ्ठा ठोकून कॉम्प्युटरच्या खोलीत लावायला सांगितलं. मीच नेलं फ्रेमवाल्याकडे. परवान्याच्या अटी मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेल्या होत्या. त्या पुठ्ठ्याच्या आत गेल्या. प्रमाणपत्राला हार घातला आणि अटींची पाठ भिंतीला लागली.

मग उद्घाटन ठरलं, सोमवारी वीस जूनला. विद्यापीठाचे एक मोठे अधिकारी येणार, त्यांनी एक बटण दाबायचं, पॅकेज यंत्रात बसायचं, टाळ्या. मी म्हटलं, सर आजारी आहेत, वह्या तयार आहेत, उद्घाटन कशाला, आजच बसवू. प्राचार्य माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी पडदा उघडण्याआधी प्रेक्षकांत जाऊन गोष्ट सांगितली. पाहुण्यांच्या हस्ते झालं पाहिजे. आणि पाहुण्यांच्या हस्ते व्हायचं म्हणजे आधी तालीम झाली पाहिजे, आणि तालीम म्हणजे रंगीत तालीम, सगळ्या सामानासकट. प्राचार्यांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट एकदा केलेली नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात वरातीचीही तालीम झाली होती, घोडा धरून.

रंगीत तालीम शुक्रवारी सतरा तारखेला झाली. पाहुण्याच्या जागी भिकाजीला बसवलं, कारण त्याला भूमिकेची सवय आहे (गावच्या नमनाच्या खेळात तो संकासुर होऊन नाचतो). त्याच्या गळ्यात सुताचा हार घातला. मी फ्लॉप्या एकामागून एक सरकवत गेलो, दीड तास. शेवटी पडद्यावर प्रश्न आला, भिकाजीने उजव्या हाताच्या अंगठ्याने बटण दाबलं, मतदानाची शाई लावल्यासारखं, आणि पॅकेज बसलं. शिवा, बसलं. चाललं. पडद्यावर निळी चौकट आली, त्यात सरांचं नाव आलं आणि खाली विचारणा, आकडे कुठे आहेत? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आकडे माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होते. एकतीस वर्षं, अकरा फ्लॉप्यांत. मी हळूच म्हटलं, आता बसलंच आहे तर सरांचं काम टाकून बघू का, तासाभराचं आहे. प्राचार्य म्हणाले, दादू, तालमीत नाटक संपवायचं नसतं. सोमवारी पाहुण्यांसमोर यंत्र कोरं पाहिजे.

आणि मी ऐकलं. याला मी काय म्हणू? माझ्यावर कुणी बंदूक धरली नव्हती. खोलीत दहा-बारा माणसं होती, ती जाईपर्यंत थांबलो असतो, दार लावून घेतलं असतं, तर संध्याकाळी सरांच्या हातात कागद दिला असता. पण आपण लहानपणापासून मोठ्यांचं ऐकणारे. (म्हणजे मी. तू नाही.) शनिवारी सकाळी येऊन मी यंत्र फॉरमॅट केलं. सगळं पुसून लख्ख. चांगलं काम केलं म्हणून प्राचार्यांनी मला सोमवारसाठी फेटाही मंजूर केला.

सोमवारी सरांना आणलं. नको म्हणत होतो, पण त्यांनी डाव्या हाताने खाटेच्या कडेवर असं वाजवायला सुरुवात केली की काकू म्हणाल्या, न्या बाबा एकदाचं. चौघांनी खुर्चीसकट उचललं, खोलीच्या दाराशी त्यांच्या पायातल्या चपला भिकाजीने काढल्या. स्वागतगीत, नारळ, शाल. सरांनाही शाल घातली, ती उजव्या खांद्यावरून सारखी घसरत होती. पाहुण्यांनी सफाईने बटण दाबलं. पडद्यावर निळी चौकट आली नाही. एक इंग्रजी ओळ आली. आमच्यापैकी ती सगळ्यात आधी सरांनी वाचली; माझं मनगट त्यांच्या डाव्या हाताजवळ होतं, ते त्यांनी दाबलं. ओळीचा अर्थ असा: परवानगी असलेली संख्या पूर्ण झाली आहे.

पाहुण्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ. भिकाजी मागून म्हणाला, "माज्या हातान तर पयल्या दमात बसला होता हो," आणि हे इतक्या मोठ्याने की मागच्या बाकावरची मुलं हसली. प्राचार्य उभे राहिले आणि त्यांनी पंचवीस मिनिटं भाषण केलं. विषय आठवत नाही. चहा झाला, चिवडा झाला, पाहुणे हापूसची पेटी घेऊन गेले (हंगाम संपला होता, कुठून पैदा केली देव जाणे). मग भिकाजीने प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवलं, पुठ्ठ्याचे खिळे पकडीने उपटले आणि आम्ही मागची बाजू वाचली. कलम चार. हे पॅकेज एका नेटवर्कवर एकदाच बसेल. काढायचं झाल्यास पहिली फ्लॉपी यंत्रात ठेवून काढण्याची रीतसर क्रिया करावी, म्हणजे परवानगी फ्लॉपीत परत जाईल. तसं न करता यंत्र पुसल्यास परवानगी संपुष्टात येईल. मी यंत्र किती छान पुसलं होतं ते तुला वर सांगितलंच आहे.

संध्याकाळी मी सरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, तालीम कधी झाली? एकेक शब्द यायला वेळ लागत होता. मी म्हटलं, शुक्रवारी. चालली? हो सर. मग वह्या? मी म्हटलं, पिशवी माझ्याच खांद्यावर होती. त्यांनी मान खिडकीकडे वळवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. तुझ्यावर त्यांनी ओरडून घेतलं, तू सुटलास. मी रोज सकाळी त्यांना उठवून बसवतो, दाढी करून देतो, आणि ते मला थँक्यू म्हणतात.

तर मग विद्यापीठाच्या संगणक केंद्राला ट्रंक कॉल लावला. अर्जंट लावूनही तीन तासांनी लागला. प्राचार्यांनी सगळी कैफियत रंगभूमीच्या आवाजात सांगितली, टेलिफोनशिवायही मुंबईला ऐकू गेली असती. पलीकडून एका माणसाने शांतपणे सांगितलं की नवी परवानगी मिळेल, त्यासाठी परवानाधारकाचा सहीनिशी अर्ज पाठवा, सही नमुन्याशी ताडून बघण्यात येईल. मी अर्ज टाइप केला. सरांच्या मांडीवर पाट ठेवला, डाव्या हातात पेन दिलं, मनगट काकूंनी धरलं नाही. सर धरू देईनात. पाऊण तास लागला. पहिल्या दोन अर्जांवर शाईचे डाग पडले. तिसऱ्यावर सही झाली. वाकडी, उतरती, शेवटी तो त्यांचा लांब फराटा आणि त्याखालचे दोन ठिपके. ठिपक्यांपैकी एक कागदाबाहेर पाटावर पडला. मी तो कागद स्वतः नेऊन रजिस्टर केला.

चौदा जुलैला परत आला. वर शेरा: 'अर्जावरील सही नमुना सहीशी जुळत नाही. सबब अर्ज परत.' शिवा, मी माणूस तसा थंड आहे, पण तो कागद वाचून मी टपालाच्या टेबलावरची शाईची बाटली भिंतीवर मारली. माणसाने स्वतःची सही जिवाच्या आकांताने करावी आणि कुणीतरी पंख्याखाली बसून सांगावं की ही तुझी नाही. पुन्हा ट्रंक कॉल. डॉक्टरांचा दाखला जोडला तर? चालणार नाही, दाखल्याची तरतूद नाही. परवाना दुसऱ्या प्राध्यापकाच्या नावावर करता येईल, त्यासाठी समितीचा ठराव लागेल, समिती डिसेंबरात बसते. मी म्हटलं, डिसेंबरपर्यंत ते नसतील. तिकडचा माणूस म्हणाला, मग तर नाव बदलणं सोपं जाईल. त्याने हे वाईट बुद्धीने म्हटलं नाही. माहिती दिली त्याने.

नारळी पौर्णिमा सत्तावीस ऑगस्टला आहे. सर दिवस मोजतायत. होड्या लोटण्याआधी त्यांना ते एक वाक्य हातात पाहिजे, चुकीचं ठरलं तरी चालेल म्हणतात, पण पाहिजे. दुसरं कुणी हे गणित हाताने करून देईल असं रत्नागिरीत नाही. मला सरासरीच्या पलीकडे येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? नववीला माझ्या शेजारी बसून तू मला दाखवायचास आणि आपण दोघेही नापास व्हायचो. बाकी ठीक. तुमच्या गल्लीतल्या विहिरीला यंदा जूनपर्यंत पाणी होतं. बंदरावरचा पिंपळ तोडला. माझी आई तुझी आठवण काढते, तू तिची कोळंबी चोरून खाल्ली होतीस म्हणून.

तुला आणि घरच्यांना माझा आणि कमळाचा (माझी बायको, तू तिला बघितलेलं नाहीस, काही बिघडलेलं नाही) नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझा,
दादू

ता. क. एक काम होतं. सोबत कोरा अर्ज जोडला आहे, टाइप केलेला, फक्त सहीची जागा रिकामी. तुला नववीचं प्रगतिपुस्तक आठवतं? पालकांच्या सहीच्या जागी तू सरांची सही करायचास, फराटा आणि दोन ठिपके, आणि वर्गशिक्षकांनी कधी ओळखली नाही. आणि त्र्याहत्तर सालचा ट्रेनिंगशिपचा संमतीचा फॉर्मही आठवत असेलच, ज्यावर ती सही करून तू समुद्रावर गेलास आणि साक्षीदार म्हणून मी 'सोनू तांडेल, वय ४५' अशी सही केली. सरांना ते कळलं त्या दिवशी ते म्हणाले होते, "समुद्राने या घरातला एक माणूस घेतलाय. पुन्हा माझं नाव लिहायचं नाहीस." तू पंधरा वर्षं लिहिलं नाहीस. आता एकदा लिहायचं आहे. केंद्रातली नमुना सही धडधाकट हाताची आहे. तिच्याशी जुळेल अशी सही करणारा या जगात आता तू एकटाच उरला आहेस. परत पाठवायला तिकीट लावून, पत्ता घातलेलं पाकीटही सोबत ठेवलं आहे.

ता. क. २. वरचा उद्योग माझ्या डोक्यातून निघाला असं समजू नकोस. माझी छाती नाही. परत आलेला अर्ज सरांनी चार दिवस उशाशी ठेवला होता. सोमवारी दाढी करताना त्यांनी माझा हात धरून थांबवला आणि म्हणाले, "शिवाला दे. तो माझ्यासारखी करतो." पंधरा वर्षांत मी त्यांच्या तोंडून तुझं नाव ऐकलं नव्हतं. काकू दारात होत्या, त्यांच्या हातातली कपबशी पडली. त्या मला बाहेर नेऊन म्हणाल्या, "दादू, येल रे तो?" मी म्हटलं, सहीपुरता कागद पोस्टानेही येईल. त्या आत गेल्या, आणि आत्ता पत्राचं पाकीट बंद करताना बघतो तर पत्ता घातलेलं ते दुसरं पाकीट गायब आहे. त्यांनी काढून घेतलंन. तेव्हा अर्ज तुला स्वतःच घेऊन यावा लागेल, आता माझा नाइलाज आहे. एस. टी. थेट रत्नागिरीची बघ. गोव्याच्या गाडीने आलास तर हातखंब्याच्या फाट्यावर तास-तास उभं राहावं लागतं.

ता. क. ३. चौथ्या रकान्याचं नाव हे पत्र लिहून झाल्यावर विचारलं. अर्ज मंजूर झाला की पॅकेज ते मागणारच, आधी ठरवून ठेवावं म्हणून. सरांनी पाटी मागितली आणि डाव्या हाताने दोन अक्षरं लिहिली. मी वाचली आणि मग वही काढून पहिला 'एक' कुठल्या तारखेला आहे ते बघितलं. नऊ मे. त्याच दिवशी तुला मी मुंबईच्या बोटीवर चढवून दिलं होतं, जेटीवरून हात केला होता, आणि ते पाच हजारांवर एक मी माझ्या हाताने टाइप करूनही मला कळलं नव्हतं. रकान्याचं नाव 'शिवा' आहे. तू आलास की त्या दिवशी काय लिहायचं ते मी काकूंना विचारलं. म्हणाल्या, "येल तेव्हा बघू." आजची ओळ त्यांनी आत्ताच लिहिली, त्या पेन मागायला आल्या म्हणून हे पत्र थांबवलं होतं. गेल्या शून्य. आल्या शून्य. वारा नैऋत्य. एक.